दोन पायांमधला पूल

कंडक्टरबाईंना कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं. बसमध्ये कंडक्टरसाठी वेगळी सीट असते, तिच्यावर त्यांची पाण्याची बाटली बसायची. बाई उभ्या. मागच्या दारापासून ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत आणि तिथून परत, खांद्याने वाट काढत, दिवसभर फेऱ्या. बस गावभर हिंडायची आणि बसच्या आत बाई तेवढ्याच हिंडायच्या.

"साहेब, दार तुमच्या नावावर करून दिलेलं नाही. आत या."

"ताई, पिशवीचं तिकीट काढलंय का? मग तिला मांडीवर घ्या, सीट माणसाला द्या."

"आजोबा, तुमचा स्टॉप गेला. नाही, ओरडून काय होणार, तो काही परत येणार नाही. पुढच्याला उतरा, मी हात देते."

त्यांच्या वेळी या कामात बायका मोजक्याच होत्या. पहिल्या दिवशी एका धटिंगणाने त्यांच्यासमोर पाय पसरून विचारलं होतं, "बाईमाणूस किती दिवस टिकणार इथे?" बाई म्हणाल्या, "तुमचा स्टॉप येईपर्यंत तर नक्की टिकेन. पाय घ्या आत."

घरीही तेच. फोनवर बोलायचं ते चालत चालत. भांडायचं तर ओट्यापासून दारापर्यंत येरझारा घालत. जेवायला बसल्या तरी मीठ आणायला उठायच्या, मीठ समोर असलं तर पाणी आणायला. नवरा चष्म्याच्या दुकानात नोकरीला होता. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता त्याचा स्वभावच हलक्या हाताचा होऊन गेला होता. त्यांची ओळखही तिथलीच. एका प्रवाशाच्या कोपराने बाईंचा चष्मा वाकडा झाला होता, आणि तो सरळ करताना हा माणूस सारखा म्हणत होता, "जरा स्थिर उभ्या राहा." बाईंना ते काही जमलं नाही. चष्मा थोडा तिरकाच राहिला आणि लग्न झालं.

"अगं, घडीभर टेक की," तो म्हणायचा.

"टेकलं की अंगावर चढतं."

"काय चढतं?"

"सगळं."

त्यांच्या बसचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं एकच. त्याला बाई 'पायलट' म्हणायच्या, कारण तो गाडी इतकी जपून हाकायचा की प्रवाशांना डुलक्या लागायच्या. "पायलट, जरा उडवा आता! मागून सायकलवाला घंटी देतोय." पायलट आरशात बघून हसायचा आणि वेग होता तेवढाच ठेवायचा.

या दोघांची बोली पत्र्यावरच्या थापांची होती. डेपोत गाडी मागे घेताना कंडक्टरने मागे उभं राहायचं आणि वाट दाखवायची. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे ये. तोंडाने ओरडलेलं इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही, थाप मात्र पत्र्यातून थेट सीटपर्यंत पोचते.

त्या दुपारी डेपोच्या फरशीवर तेल सांडलं होतं. बाई मागे उभ्या होत्या, गाडी हळूहळू मागे येत होती. बाईंचा पाय सटकला आणि डावी नडगी बंपर आणि खांबाच्या मध्ये गेली. त्यांनी पत्रा बडवला. जीव खाऊन बडवला. घाबरलेला माणूस एकदाच थाप मारून थांबत नाही. पायलटला आपल्या सीटवर दोन थापा ऐकू आल्या आणि दोन थापांचा अर्थ एकच होता.

तो आला.

*

सर्जनबाई ठेंगण्या होत्या, आवाज रोखठोक. त्यांनी नवऱ्याला आणि पायलटला कॉटच्या दोन्ही बाजूंना उभं केलं आणि बाईंनाही ऐकू जाईल अशा बेताने बोलायला लागल्या.

"हाड आम्ही बसवलंय. प्रश्न हाडाचा नाही, हाडावर पांघरायला काही उरलेलं नाही हा आहे. उघडं हाड वाळतं, मग सडतं."

"मांडीवरचं कातडं काढून लावतात ना, पातळसं?" नवऱ्याने विचारलं.

"पातळ कातडं नुसत्या हाडावर धरत नाही. त्याला खालून रक्त मिळावं लागतं, आणि इथे खाली फक्त हाड आहे. त्यामुळे मांसासकट जाड तुकडा लागेल, स्वतःच्या रक्तवाहिनीसकट. तो पाठीवरून पूर्ण सोडवून घ्यायचा, पायावर आणायचा आणि तिथल्या वाहिनीला जोडायचा. केसाएवढ्या दोऱ्याने, मायक्रोस्कोपखाली."

"मग जोडा की," बाई म्हणाल्या. औषधाने जीभ जड झाली होती, तरी घाई तीच.

"कशाला जोडू? डाव्या पायात तीन मुख्य वाहिन्या असतात. तुमच्या दोन चिरडल्या. उरलेल्या एकीवर पाऊल जगतंय. तिला हात लावला आणि काही बिघडलं तर पाऊल गेलंच."

नवऱ्याने पांघरुणाबाहेर आलेल्या त्या पावलाकडे बघितलं.

"म्हणून रक्त उजव्या पायातून देणार," सर्जनबाई म्हणाल्या. "तुकडा डाव्या नडगीवर बसेल, पण त्याची वाहिनी उजव्या पोटरीला जोडायची. दोन पायांच्या मध्ये एक पूल. तो ताणला जाऊ नये म्हणून दोन्ही पाय सळ्यांनी एकमेकांना बांधून ठेवायचे. तुकड्याने आजूबाजूच्या मांसातून स्वतःची मुळं काढली, की पूल तोडायचा."

"किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे, चार. तुकडा सांगेल."

"आणि मुळं धरलीच नाहीत तर?"

"तर गुडघ्याखाली पाय काढायचा."

पायलट इतका वेळ टोपी चुरगाळत होता. तो एकदम पुढे आला. "डॉक्टर, माझ्या पाठीचं घ्या. माझी पाठ रुंद आहे. यांच्या अंगावर आधीच काही नाही."

"तुमचं यांना चालणार नाही. शरीर परकं मांस ठेवून घेत नाही. थोड्या दिवसांत टाकून देईल."

"मी कुठे परका आहे?"

"पायलट," कॉटवरून आवाज आला, "तुमचं मांस माझ्या पायाला लावलं तर तो पाय आयुष्यभर उशिराच पोचायचा. राहू द्या."

नवरा हसला आणि लगेच चष्मा काढून पुसायला लागला.

*

जाग आली तेव्हा खोली उकडत होती. पंखा बंद, खिडकी बंद, पायांवर दिवा. गारठा लागला की रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून खोली अशी तापवून ठेवलेली. बाईंनी सवयीने पाय पोटाशी घ्यायला बघितलं. दोन्ही मांड्यांतून एकदम कळ आली आणि पाय होते तिथेच राहिले.

मग त्यांनी मान उचलून बघितलं. उजवी पोटरी डाव्या नडगीवर आडवी. दोन्ही पायांच्या हाडांत स्टीलच्या सळ्या रोवलेल्या, सळ्यांना आडव्या सळ्या, जिथे तिथे नट. घराच्या बांधकामावर असते तशी परांची. दोन पायांच्या मध्ये ओल्या जाळीत गुंडाळलेली, दोन बोटं जाड मांसाची पट्टी. आणि डाव्या नडगीवर तळहातापेक्षा मोठा, फुगीर, फिकट तुकडा.

"हा पॅसेंजर कोण?" बाईंनी विचारलं.

"तुमचाच आहे," सिस्टर म्हणाली. "पाठीवर चढला, पायाला उतरला."

"तिकीट?"

"तुम्हीच फाडायचं. आधी हलायचं नाही, हे लक्षात ठेवा."

सिस्टर उंच होती आणि कायम शिंक दाबून धरल्यासारखा तिचा चेहरा. दर थोड्या वेळाने येऊन ती तुकड्यावर बोट दाबायची. जागा पांढरी पडायची, मग परत गुलाबी व्हायची. गुलाबी व्हायला फार वेळ लागला तर रक्त आत येत नाहीये, फार पटकन झाली तर बाहेर जात नाहीये. मग एक छोटं यंत्र पुलाला टेकवायची आणि त्यातून फुस्स-फुस्स आवाज यायचा, ओल्या चपला घालून कुणी लगबगीने चालल्यासारखा. त्या खोलीत चालण्याचा आवाज तेवढा एकच.

नवरा संध्याकाळी दुकानातून आला. त्याने खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि तुकड्यावर वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"काय झालं? काळा पडला का?"

"तीळ," तो म्हणाला. "हा तुझ्या उजव्या खवाट्याखालचा तीळ."

"मला पाठीवर तीळ आहे?"

"लग्नापासून आहे."

"आणि इतक्या वर्षांत सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

"माझी पाठ मला कशी दिसणार? डोळे काय मागे आहेत?"

तो ओशाळला. "मला आवडायचा," म्हणाला. बाईंनी पायावरच्या त्या तिळाकडे बघितलं. हात पोचत नव्हता, म्हणून नवऱ्याला बोट लावायला सांगितलं. त्याने लावलं. बाईंना काहीच कळलं नाही. उशीला हात लावावा तसं.

"लावलंत का?"

"लावलंय की."

"मग हा माझा कसा?"

*

पहिले काही दिवस बाईंनी गमतीत काढले. सिस्टरच्या नियमांची त्यांनी बसमधल्या नियमांसारखीच टिंगल केली. चहा बंद, कॉफी बंद, पंखा बंद. विडी-सिगारेट ओढून आलेल्याने उंबऱ्याच्या आत यायचं नाही. पायलट ओढायचा. सिस्टर दारातच त्याला थांबवायची. "बोटं पुढे करा." ती वास घ्यायची आणि बऱ्याचदा बोटाने बाहेरचा रस्ता दाखवायची. पायलट गयावया करायचा, "सिस्टर, ही कालची आहे." "मग उद्या या, परवाची होईल." अखेर त्याने सिगारेट सोडूनच दिली. बाई म्हणाल्या, "बघा, मोडला माझा पाय आणि सुधारलात तुम्ही."

पण गंमत पाठीवर पडून किती दिवस करणार? पाठीवर पडायचं तर तिथेही तुकडा काढल्याचा लांबच लांब टाका. कुशीवर वळता येत नव्हतं. गुडघा दुमडता येत नव्हता. भांडं लावायला दोन माणसं लागायची, आणि ती दोघं एकमेकांशी ड्युटीच्या वेळांबद्दल बोलत असायची. सळीच्या मुळाशी खाज सुटायची आणि तिथे हात पोचायचा नाही. उजव्या पायाला वांब यायचे. त्या पायाची बाईंना खरी दया यायची. मार डाव्याने खाल्ला, उजवा साक्षीलाही नव्हता आणि शिक्षा मात्र दोघांना बरोबरीने.

सर्वांत वाईट म्हणजे माणसं. बाईंनी आयुष्यातले सगळे नकोसे संवाद चालत चालत संपवले होते. नणंद बोलायला लागली की दूध उतू जायचं. शेजारीण बसली की गच्चीवरचे कपडे आठवायचे. आता दूध नव्हतं, गच्ची नव्हती. नणंद खुर्ची ओढून बसायची आणि उठायची तिला वाटेल तेव्हा.

"वहिनी, एका दृष्टीने बरं झालं. तुला सक्तीचा आराम."

"हो ना. तुम्ही पण घ्या. सळ्या उरल्या असतील त्यांच्याकडे."

"अगंबाई, तोंडाला मात्र काही बांधलेलं नाही हं!"

"त्याचीच वाट बघत असाल."

नणंद मनापासून हसायची, डबा उघडायची, भरवायचा आग्रह करायची. प्रेम होतंच. पण प्रेमापासूनही कधीकधी चार पावलं लांब जावं लागतं, आणि ती चार पावलं बाईंकडे नव्हती.

आणि पायलट. तो रोज ड्युटी संपवून यायचा आणि पायांकडच्या स्टुलावर बसायचा. बाईंच्या तोंडाकडे नाही, तुकड्याकडे बघत बसायचा.

"माझ्या कानाचा दोष."

"पत्रा मी बडवला, पायलट."

"ऐकला मी."

"दोन ऐकलात ना? मी कितीही मारल्या असतील. मलाच आठवत नाही."

"मी उतरून बघायला हवं होतं."

"मग बघा ना आता. बघतच तर बसलाय."

तो मान खाली घालायचा. दुसऱ्या दिवशी परत स्टूल, परत कान, परत पत्रा. नवऱ्याला बाई एकदा म्हणाल्या, "यांना सांगा हो, रोज येऊ नका. गाडी अंगावर एकदाच आली, हा माणूस रोज येतोय." नवऱ्याने पायलटला सांगितलं. पायलट म्हणाला, "बरं," आणि दुसऱ्या दिवशी आला.

*

पूल तोडता येईल का हे बघायची एक रीत असते. पुलाभोवती मऊ रबर आवळायचं, उजवीकडून येणारं रक्त अडवायचं आणि तुकड्याकडे बघत राहायचं. गुलाबी राहिला तर त्याने डाव्या पायातून आपली सोय केली आहे. निळा पडला तर नाही.

बाईंनी त्या दिवसाची मनात पाटी लावून ठेवली होती. शेवटचा स्टॉप. सकाळीच सिस्टरकडून वेणी घालून घेतली. सर्जनबाईंनी रबर आवळलं. थोडा वेळ काही झालं नाही. नवरा भिंग लावून बघत होता, त्यानेच आधी भिंग खाली घेतलं. मग बाईंना स्वतःलाच दिसलं. कडेने जांभळट सावली आली आणि तिळाकडे सरकत गेली.

सर्जनबाईंनी रबर काढलं. "अजून मुळं धरली नाहीत. हे वाईट नाही, उशीर आहे. आणखी आठवडाभर थांबू."

"कापा," बाई म्हणाल्या.

"पूल? आत्ता तोडला तर—"

"पाय. गुडघ्याखाली म्हणाला होतात ना. कापा आणि मला सोडा."

नवरा म्हणाला, "अगं, असं काय—"

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही रात्री घरी जाता."

सर्जनबाईंनी हातमोजे काढले. "चिडलेल्या माणसाचा पाय मी कापत नाही. उद्या शांतपणे सांगा, उद्या ऐकेन."

"उद्याही मी इथेच असणार. जाऊन जाऊन कुठे जाणार?"

*

दुपारी नवरा दुकानात गेला. जाताना दारात दोनदा थांबला, पण बाईंनी डोळे उघडले नाहीत. सिस्टर शेजारच्या वॉर्डात होती. पायलट त्या दिवशी लवकर सुटला होता. आत आला, बोटं स्वतःच हुंगली आणि स्टुलावर बसला.

"पायलट."

"हां बाई."

"खिशात पाना आहे?"

खाकी पँटच्या खिशात पाना नाही असा दिवस पायलटने पाहिला नव्हता. "आहे. का?"

"दाखवा."

त्याने दाखवला. बाईंनी नटांकडे बघितलं, पान्याकडे बघितलं. "बसेल?"

"कशाला बसेल?"

"नटाला. सोडवा हे."

पायलट हसला. मग बाईंचं तोंड बघून त्याचं हसू जागच्या जागी विरलं. "बाई, डॉक्टर सोडतील की. आठवड्याचाच तर प्रश्न."

"कोणाच्या आठवड्याचा? तुमच्या? तुम्ही आत्ता उठाल, जिना उतराल, कोपऱ्यावर उभे राहाल. मला आठवतही नाही उभं राहिलं की गुडघ्यात काय वाटतं ते. मला उजवा पाय हवाय, पायलट. चांगला पाय आहे माझा. तो मला द्या, डावा घाला चुलीत."

"रक्त येईल."

"येऊ दे. मग त्यांना कापावाच लागेल. सुटेन तरी."

"बाई—"

"रोज म्हणता ना, काय करू, तुमच्यासाठी काय करू? रोज विचारता. आज सांगते. हे करा. तुमचं माझं फिटलं. परत स्टुलावर बसावं लागणार नाही."

हे बोलून झाल्यावर बाईंनाच कळलं की आपण कुठे हात घातला आहे. त्यांना लाज वाटली, पण शब्द मागे घ्यावेत एवढी वाटली नाही.

पायलट उठला. पायांशी येऊन त्याने गुडघे टेकले, सर्वांत वरच्या नटाला पाना लावला. बसला. तेवढ्याने सळी किंचित हलली आणि ते हलणं बाईंच्या मांडीच्या हाडापर्यंत आलं. पुलाची पट्टी तिथेच होती, जाळीखाली उडत होती, एखाद्या चिमणीच्या छातीसारखी. पायलट त्या उडण्याकडे बघत राहिला.

"फिरवा."

तो हलला नाही.

"पायलट, फिरवा!" बाईंनी कॉटच्या लोखंडी कडेवर हात आपटला. एकदा, दोनदा, मग मोजदाद उरली नाही. अंगठी वाजत होती, पेला खाली पडला, पाणी सांडलं. "या! या म्हणतेय ना मी! ऐकू येत नाही?"

"येतंय," पायलट म्हणाला. "तेव्हाही आलं होतं."

त्याने पाना नटावरून काढला.

"तेव्हा तुम्हाला थांब म्हणायचं होतं आणि मला ये ऐकू आलं. मी उतरून बघितलं नाही. आज उतरून बघतोय, बाई. तुम्ही कितीही वाजवा. तुम्हाला नक्की काय म्हणायचंय ते मला कळत नाही तोवर मी ब्रेकवरून पाय काढणार नाही."

"मला सुटायचंय असं म्हणायचंय! एवढं साधं मराठी कळत नाही?"

"कळतं. पण नाही."

तो उठला आणि पाना खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, बाईंच्या हाताला येणार नाही असा. मग बाईंनी त्याला जे काही सुनावलं ते बसमध्ये बोलल्या असत्या तर नोकरी गेली असती. त्याचा कान, त्याची गाडी, त्याचं रडकं तोंड, त्याचं ते स्टूल. पायलट मधेमधे "हां" म्हणत होता. शेवटी शब्द संपले. मग बाई रडल्या. पाठीवर पडून रडलं की पाणी कानात जातं आणि ते पुसायला कुशीवर होता येत नाही. पायलटने खिशातला रुमाल काढून त्यांच्या हाताशी ठेवला. त्या रुमालाला ग्रीसचा वास होता.

सिस्टर आत आली. तिने सांडलेलं पाणी बघितलं, दोघांची तोंडं बघितली आणि मग कट्ट्यावरचा पाना.

"हे काय आहे?"

"माझा," पायलट म्हणाला. "खिशात टोचत होता."

सिस्टर एकेक नट बोटाने चाचपत गेली. यंत्र टेकवलं. फुस्स-फुस्स. तिने सुस्कारा सोडला.

"सिस्टर," बाई म्हणाल्या, "यांना बाहेर काढा. आणि परत आत घेऊ नका."

पायलटने पाना उचलला आणि गेला.

*

दुसऱ्या दिवशी सर्जनबाई खरंच आल्या. खुर्ची ओढून बसल्या. "बोला. आज शांत आहात?"

"शांत नाही."

"मग?"

बाई छताकडे बघत होत्या. "काल एकाने नट सोडला असता तर काय झालं असतं?"

सर्जनबाईंनी सिस्टरकडे बघितलं, सिस्टरने जमिनीकडे. "पूल फाटला असता. तुकडा गेला असता. उजव्याची वाहिनी उघडी पडली असती. नशीब फिरलं असतं तर तोही पाय."

"उजवाही?"

"उजवाही."

बाईंनी मान उचलून उजव्या पायाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आठवडा म्हणालात ना? थांबते. पण वरती एक दिवस जरी चढला, तर दातांनी तोडीन."

"चालेल," सर्जनबाई म्हणाल्या. "दात घासून घ्या मात्र."

तो आठवडा आधीच्या सगळ्या दिवसांहून मोठा होता. आधी निदान कुणावर तरी डाफरता येत होतं. आता थांबायचं बाईंनीच कबूल केलं होतं, म्हणजे तक्रारही स्वतःविरुद्धच. नवरा रोज यायचा, 'तुम्ही रात्री घरी जाता' या वाक्याबद्दल कधी बोलला नाही, आणि मुक्काम करायची परवानगी मागून एकदा खुर्चीतच झोपला. सकाळी त्याची मान आखडली होती. "बघा," बाई म्हणाल्या, "आता कळलं?" "कळलं," तो मान न वळवता म्हणाला. पायांकडचं स्टूल रिकामं राहिलं. नणंदेने त्यावर डबा ठेवला तर बाई म्हणाल्या, "तिथे नको." का नको ते त्यांनी सांगितलं नाही.

मग परत रबर. परत सर्जनबाई, सिस्टर आणि भिंग. या वेळी बाईंनी वेणी घातली नव्हती आणि तुकड्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याचा एक डोळा भिंगामागे भला मोठा झाला होता. तो डोळा मिटेना, हलेना.

"सांगा ना."

"थांब."

"निळा?"

"अगं, थांब जरा."

सर्जनबाईंनी सुई टोचली. एक थेंब वर आला. लाल, स्वच्छ, सावकाश.

"आता याला उजव्याची गरज नाही," त्या म्हणाल्या.

*

पूल तोडला, सळ्यांची आडवी परांची उतरवली आणि बाईंना खोलीत आणलं, तेव्हा दोन्ही पाय अजून तसेच एकमेकांवर टेकलेले होते, सवयीने. सिस्टरने उजव्या पायाखाली हात घातला.

"थांबा!" बाईंनी तिचं मनगट धरलं.

"सोडा सोडा म्हणून खोली डोक्यावर घेतली होतीत ना?"

"घेतली होती. आता भीती वाटतेय."

"मोकळा आहे तो. काही तुटणार नाही."

"हळू हो."

सिस्टरने पाय वीतभर बाजूला केला. गुडघा लाकडासारखा झाला होता. इतके दिवस चिकटून असलेल्या कातडीला वारा लागला आणि बाईंच्या अंगावर शहारा आला. डावा पाय उशीवर उंच ठेवायचा होता, खाली सोडायचा नव्हता. त्याच्या सळ्या अजून बऱ्याच काळ राहणार होत्या. उभं राहणं लांबच. चालत्या बसमध्ये तोल सांभाळणं, त्याबद्दल सर्जनबाई काही बोलायला तयार नव्हत्या. बाईंनी विचारलंही नाही.

"काय हवंय तुला?" नवऱ्याने विचारलं. "सिस्टर म्हणाली, आता चहा चालेल."

"कुशीवर करा मला."

उशा रचून, डावा पाय सांभाळून, दोघांनी मिळून त्यांना उजव्या कुशीवर वळवलं. पाठीचा टाका ओढला गेला, बाई कण्हल्या, आणि मग समोर भिंत आली. रंगाचे पोपडे निघालेली, कुणाचंही तोंड नसलेली भिंत. खोली, दार, खुर्ची, सिस्टर, नवरा, सगळं पाठीमागे गेलं. बाईंनी डोळे मिटले नाहीत. त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

पाठीमागे दार वाजलं. पावलं आली आणि उंबऱ्याशी थांबली.

"झोपल्यात?" पायलटचा आवाज, दबका.

"नाही," नवरा म्हणाला. "जागी आहे. पण आज तिने पाठ केलीय सगळ्यांकडे."

"मग जातो मी. पाय सुटल्याचं डेपोत कळलं, म्हणून आलो."

पावलं मात्र हलली नाहीत.

"बसा," भिंतीकडून आवाज आला. "पण बोलू नका."

स्टूल करकरलं.